कार्डाची नोंद आणि वर्गणीचा रतीब

वर्गणी हा शब्द मराठी घराला नवा नाहीं. गणेशोत्सवाची वर्गणी, वाचनालयाची वर्गणी, मासिकाची वर्गणी, अशा अनेक रूपांनीं तो परिचयाचा आहे. मासिकाचा वर्गणीदार एकेकाळीं वर्षाच्या प्रारंभीं मनीऑर्डर करी. अथवा प्रकाशक व्ही. पी. नें अंक पाठवी आणि पोस्टमन दाराशीं आला म्हणजे गृहस्थ पैसे मोजून तो सोडवून घेई. व्ही. पी. ची ही पद्धति भारतांत १८७७ सालीं सुरू झाली. तिच्यांत एक मोठी सोय होती. ज्याला अंक नको असे, त्यानें मनीऑर्डर केली नाहीं, किंवा दाराशीं आलेली व्ही. पी. परत पाठविली, कीं संबंध तेथेंच संपे. पैसे हातांतून सुटण्यापूर्वीं दर खेपेला माणसाची संमति लागे. मौन म्हणजे नकार, असाच त्या व्यवहाराचा अलिखित नियम होता.

आज मोबाईलवर चित्रपट पाहणें, गाणीं ऐकणें, वर्तमानपत्र वाचणें, छायाचित्रें साठविणें, मुलांची शिकवणी घेणें, या सर्वांसाठीं वर्गणी देतां येते. परंतु तिचा नियम अगदीं उलट आहे. ग्राहकानें एकदां कार्डाचा तपशील भरला कीं त्याची नोंद त्या खात्यांत राहते आणि दर महिन्याला अथवा दर वर्षाला ठराविक रक्कम आपोआप वसूल होते. येथें मौन म्हणजे होकार. वर्गणी चालूं ठेवण्यासाठीं कांहींच करावें लागत नाहीं. बंद करण्यासाठीं मात्र ग्राहकानें उठून कांहींतरी केलें पाहिजे. तें नेमकें काय, हें ठाऊक नसल्यामुळें नको असलेल्या सेवांसाठीं पैसे जात राहतात. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, ही म्हण अशा प्रसंगासाठींच झाली असावी.

या अज्ञानाचीं तीन रूपें नेहमीं दृष्टीस पडतात. कोणी मोबाईलवरील ॲप पुसून टाकतो आणि वर्गणी सुटली असें समजतो. कोणी खात्यांतून कार्ड काढूं पाहतो. तें निघत नाहीं, आणि तो कंटाळून नाद सोडतो. तिसरा कार्डाची मुदत संपण्याची वाट पाहत स्वस्थ बसतो. तिघांचीहि वाट चुकलेली असते. कारण जेथें तीन स्वतंत्र गोष्टी आहेत, तेथें एकच आहे असें ते धरून चालतात.

दुधाचा रतीब डोळ्यांपुढें आणला म्हणजे या तीन गोष्टी वेगळ्या करतां येतात. रोज सकाळीं एक लिटर दूध घालावें, असें गवळ्याशीं ठरतें. हा झाला करार. महिना संपला म्हणजे त्याचें बिल पुन्हां न विचारतां चुकतें करावें, असें घरांतील मंडळींना सांगून ठेवलेलें असतें; ही झाली आज्ञा. आणि ज्या पेटींतून पैसे द्यावयाचे, ती पेटी दाखवून ठेवलेली असते. ही झाली नोंद. आतां पेटी उचलून दुसरीकडे ठेवली म्हणून दुसऱ्या दिवशीं दूध यावयाचें थांबत नाहीं. दूध येत राहतें, बिल चढत राहतें, आणि महिन्याच्या शेवटीं गवळी दाराशीं उभा राहतो. रतीब बंद करावयाचा तर ‘उद्यांपासून दूध नको’ हें गवळ्यालाच सांगावें लागतें. मोबाईलवरील वर्गणीचेंहि तसेंच आहे. प्रथम करार संपवावा, मग आज्ञा मागें घ्यावी, आणि शेवटीं कार्डाची नोंद काढावी. हा क्रम ज्यानें सांभाळला, त्याचे निम्मे त्रास वांचतात.

क्रमाकडे वळण्यापूर्वीं नोंदीचें स्वरूप समजून घेतलें पाहिजे. कार्डावर बहुधा सोळा आंकड्यांचा क्रमांक आणि मुदतीचा महिना व वर्ष असतें. बहुतेक कार्डांच्या पाठीवर तीन आंकड्यांचा एक गुप्त क्रमांकहि असतो. व्यवहार मंजूर झाल्यावर हा गुप्त क्रमांक विक्रेत्यानें साठवून ठेवण्यास कार्डव्यवहाराच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षानियमांनीं मनाई केलेली आहे. मुख्य क्रमांक मात्र पूर्वीं विक्रेते आपल्या दप्तरांत ठेवीत. आणि एखाद्याचें दप्तर चोरांच्या हातीं लागलें कीं त्याच्या साऱ्या ग्राहकांचीं कार्डें उघडीं पडत. भारतीय रिझर्व्ह बँकेनें ही रीत बंद केली. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतांत दिलेल्या कार्डाचा क्रमांक, तें कार्ड देणारी बँक आणि व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांसारख्या कार्डसंस्था यांच्यावांचून व्यवहाराच्या साखळींतील इतर कोणालाहि साठवितां येत नाहीं.

मग विक्रेत्याजवळ राहतें काय? राहतें तें टोकन. टोकन म्हणजे खऱ्या क्रमांकाच्या जागीं दिलेला दुसरा क्रमांक. सामानघरांत पेटी ठेवली म्हणजे बिल्ला मिळतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, हा बिल्ला ज्याच्या नांवानें दिला त्याच्याच हातीं चालतो. एका विक्रेत्याचें टोकन चोरून दुसऱ्या दुकानीं नेलें तर तेथें त्याची किंमत शून्य. खात्यांत कार्डाचे शेवटचे चार आंकडे आणि बँकेचें नांव दिसतें, तें केवळ ओळख पटावी म्हणून. तेव्हां ‘कार्ड काढा’ या बटणानें जें निघतें, तें एवढेंच टोकन होय. त्यानें चोरीचें भय आणखी कमी होतें. परंतु वर्गणीचा करार त्यानें संपतोच असें नाहीं.

आतां पहिलें काम, करार संपविण्याचें. येथें मुख्य सूत्र असें कीं, करार ज्या दारानें झाला त्याच दारानें तो संपवावा लागतो. अशीं दारें साधारणतः तीन असतात. कांहीं वर्गण्या त्या त्या कंपनीच्या संकेतस्थळावर थेट घेतलेल्या असतात. कांहीं ॲपल किंवा गूगल यांच्या ॲप-दुकानांतून घेतलेल्या असतात. आणि कांहीं मोबाईलच्या किंवा घरच्या इंटरनेटच्या पॅकबरोबर आलेल्या असतात. एकच चित्रपटसेवा या तिन्ही दारांनीं मिळूं शकते. ज्यानें ती ॲपलच्या दुकानांतून घेतली, त्यानें चित्रपटकंपनीच्या संकेतस्थळावर कितीहि शोधलें तरी रद्द करण्याचें बटण त्याला तेथें बहुधा सांपडत नाहीं. आपलें दार कोणतें, हें ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे बँकेचा खातेउतारा. रकमेपुढें ज्याचें नांव असेल, त्याच्या दारीं जावें.

आयफोनवर सेटिंग्ज उघडून अगदीं वर असलेल्या स्वतःच्या नांवावर बोट ठेवलें म्हणजे सबस्क्रिप्शन्स हें पान मिळतें. अँड्रॉइड मोबाईलवर प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यांतील स्वतःच्या चित्रावर बोट ठेवावें. तेथें पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स या नांवाखालीं चालू वर्गण्यांची यादी असते. कंपनीच्या संकेतस्थळावर ही सोय बहुधा अकाउंट, मेंबरशिप किंवा बिलिंग अशा नांवाच्या पानावर असते. ॲप पुसून टाकल्यानें वर्गणी रद्द होत नाहीं, ही सूचना गूगलनें स्वतःच दिलेली आहे. घरांतील रेडिओ माळ्यावर टाकल्यानें दुकानदाराचा हप्ता फिटत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

रद्द केल्यावर भरलेल्या मुदतीची सेवा बहुधा मुदत संपेपर्यंत चालूं राहते. म्हणून ‘महिना संपूं द्या, मग बघूं’ असें म्हणण्यांत लाभ कांहींच नसतो. विसरण्याचा धोका तेवढा असतो. मोफत मुदतीच्या बाबतींत मात्र थोडी सावधगिरी हवी. कांहीं ठिकाणीं मोफत मुदत रद्द करतांच सेवाहि त्याच क्षणीं थांबते. ॲपलच्या दुकानांतून घेतलेली मोफत मुदत पुढें चालवावयाची नसेल, तर ती संपण्याच्या निदान चोवीस तास आधीं रद्द करावी, असा ॲपलचा सल्ला आहे. रद्द झाल्याचा ई-मेल येईपर्यंत काम पुरें झालें असें समजूं नये. तो ई-मेल जपून ठेवावा आणि तारीख वहींत टिपावी. पुढें तक्रारीचा प्रसंग आलाच, तर शंभर शब्दांच्या युक्तिवादापेक्षां हा एक कागद अधिक बोलतो.

दुसरें काम आज्ञा मागें घेण्याचें. आज्ञा ही कंपनीची नसते. ती ग्राहकानें आपल्या बँकेला दिलेली असते. म्हणून ती मागें घेण्याचा अधिकारहि ग्राहकाचाच. रिझर्व्ह बँकेनें या आज्ञांविषयींचे नियम २०१९ च्या ऑगस्टमध्यें प्रथम घालून दिले, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून त्यांची अंमलबजावणी कडक झाली. आज्ञा देतांना ग्राहकाची दुहेरी ओळख, म्हणजे बहुधा ओटीपी, घेतली पाहिजे. पुढें प्रत्येक वसुलीच्या निदान चोवीस तास आधीं बँकेनें ग्राहकास सूचना पाठविली पाहिजे. तींत विक्रेत्याचें नांव, रक्कम आणि वसुलीची तारीख असली पाहिजे. ती वसुली किंवा सबंध आज्ञाच नाकारण्याची सोय त्या सूचनेंत ठेवली पाहिजे. आज्ञा केव्हांहि मागें घेतां आली पाहिजे, आणि या सोयीबद्दल ग्राहकाकडून शुल्क घेऊं नये. भारतीय बँकेनें दिलेल्या कार्डावरील वसुली परदेशी कंपनी करीत असली, तरी हे नियम लागू होतात.

ओटीपीवांचून किती रक्कम वसूल व्हावी, याची मर्यादा प्रथम २,००० रुपये होती. २०२१ च्या प्रारंभीं ती ५,००० रुपये झाली आणि जून २०२२ मध्यें १५,००० रुपये करण्यांत आली. विम्याचे हप्ते, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचीं बिलें यांसाठीं डिसेंबर २०२३ मध्यें ती एक लाख रुपयांपर्यंत वाढविली गेली. मर्यादा जसजशी वाढते, तसतशी चोवीस तास आधीं येणाऱ्या त्या छोट्या संदेशाची किंमतहि वाढते. जाहिरातींच्या गर्दींत तो न वाचतां पुसणें म्हणजे पोस्टमन दाराशीं येऊन हांक मारीत असतां दार न उघडणें होय.

चालू आज्ञांची यादी बँकेच्या ॲपमध्यें किंवा संकेतस्थळावर कार्डांच्या विभागांत ई-मँडेट, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन अशा एखाद्या नांवाखालीं पाहावी. ती मागें घेतांना पुन्हां ओटीपी मागितला जातो. हा नियमच आहे, त्यांत घाबरण्यासारखें कांहीं नाहीं. ज्यांनीं कार्डाऐवजीं यूपीआयनें वर्गणी दिली असेल, त्यांची आज्ञा निराळ्या ठिकाणीं असते. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननें जुलै २०२० मध्यें यूपीआय ऑटोपे ही सोय आणली. ज्या यूपीआय ॲपवरून संमति दिली, त्याच ॲपच्या ऑटोपे विभागांत ती आज्ञा दिसते आणि यूपीआय पिन देऊन रद्द करतां येते. कार्ड काढून यूपीआयची आज्ञा सुटत नाहीं, आणि यूपीआयची आज्ञा रद्द करून कार्डावरील वसुली थांबत नाहीं.

करार संपला, आज्ञा मागें घेतली, मग तिसरें काम सोपें होतें. खात्यांतील पेमेंट मेथड्स किंवा वॉलेट या पानावर जाऊन कार्डापुढील रिमूव्ह किंवा डिलीट या शब्दावर बोट ठेवावें. पुष्कळदां येथेंच अडचण येते: बटण फिकें असतें, किंवा ‘हें कार्ड आतां काढतां येत नाहीं’ असें उत्तर मिळतें. याचा अर्थ कंपनी कार्ड बळकावून बसली आहे असाच घेऊं नये. ॲपलच्या खात्यांत याचीं कारणें स्पष्ट सांगितलेलीं आहेत: एखादी वर्गणी अजून चालूं असणें, जुनी बाकी राहिलेली असणें, किंवा कुटुंबाच्या सामायिक खरेदीचा भार त्या कार्डावर असणें. इतर ठिकाणींहि कारणें बहुधा याच जातीचीं असतात. म्हणून प्रथम बाकी फेडावी, कुटुंबाची सामायिक खरेदी बंद करावी, आणि रद्द केलेल्या वर्गणीची मुदत पुरी होऊं द्यावी. मग पुन्हां प्रयत्न करावा. सेवा चालूं ठेवून केवळ कार्ड बदलावयाचें असेल, तर आधीं नवें कार्ड घालावें आणि मागून जुनें काढावें. नव्या खुंटीला दोर बांधल्यावांचून जुनी खुंटी उपटूं नये, हें शेतकऱ्याला सांगावें लागत नाहीं.

कंपनी दाद देत नसेल, तर बँकेचा मार्ग मोकळा आहे. कोणकोणत्या विक्रेत्यांजवळ आपल्या कार्डाचें टोकन आहे, ही यादी ग्राहकास दाखविणें आणि त्यांतील हवें तें टोकन रद्द करूं देणें, हें कार्ड देणाऱ्या बँकेवर रिझर्व्ह बँकेनें बंधनकारक केलें आहे. ही सोय ॲप, इंटरनेट बँकिंग, दूरध्वनि किंवा शाखा यांपैकीं एका तरी मार्गानें मिळालीच पाहिजे. मोबाईलचें वळण नसलेल्या वृद्धानें आपल्या शाखेंत जाऊन ही यादी मागण्यांत संकोच मानूं नये. याशिवाय एक लपलेली जागा ध्यानांत ठेवावी. क्रोमसारखा ब्राउझर आणि मोबाईलमधील गूगलचें खातें हींहि कार्डाची माहिती आपल्यापाशीं ठेवूं शकतात. वर्गणीच्या खात्यांतून कार्ड गेलें, तरी तेथील नोंद वेगळी काढावी लागते.

येथें एक शंका संभवते. एवढा खटाटोप करण्यापेक्षां बँकेला सांगून कार्डच बंद केलें तर? कार्ड बंद केल्यानें त्याच्यावरील वसुली थांबेल हें खरें. परंतु ती सर्वच थांबेल. त्याच कार्डावर विम्याचा हप्ता असेल तर तो चुकेल, विजेचें बिल असेल तर तें थकेल. चित्रपटांचे दोनशे रुपये वांचविण्याच्या भरांत वर्षानुवर्षें भरलेली विम्याची पॉलिसी धोक्यांत घालणें हें शहाणपण नव्हे. शिवाय नको असलेल्या सेवेचा करार तसाच राहतो आणि कंपनी बाकीची मागणी करीत राहते. कार्ड हरवलें किंवा चोरीस गेलें, तर तें तत्काळ बंद केलेंच पाहिजे. वर्गणी सोडण्याचें तें साधन नव्हे.

कार्डाच्या मुदतीवर भिस्त ठेवणाऱ्यांनाहि हेंच उत्तर. भारतांत कार्ड बदलून आलें, तर तें पूर्वींच्या विक्रेत्यांशीं जोडण्यापूर्वीं बँकेनें ग्राहकाची स्पष्ट संमति घेतली पाहिजे. परदेशीं राहणाऱ्या मराठी मंडळींना मात्र हें संरक्षण गृहीत धरतां येत नाहीं. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनीं तेथील अनेक बँकांसाठीं अशी व्यवस्था केलेली आहे कीं, जुन्या कार्डाच्या जागीं नवें आलें म्हणजे त्याचा तपशील विक्रेत्याकडे आपोआप पोंचतो आणि वसुली अखंड चालूं राहते. अमेरिकेंतील मुलाकडून परतलेल्या आईवडिलांनीं तेथील कार्डावर एखादी वर्गणी सुरू केली असेल, तर कार्ड संपण्याची वाट न पाहतां ती रद्द करून घ्यावी.

अडचण नेहमीं अज्ञानाचीच असते असें नाहीं. कित्येकदां ती हेतुपुरस्सर रचलेली असते. वर्गणी घेण्याचें बटण मोठें आणि रंगीत, सोडण्याचें बटण चार पानांच्या आड. मध्येंच ‘आपण खरोखर जाणार काय?’ असे दीनवाणे प्रश्न. भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक नियम काढले. त्यांत तेरा प्रकार सांगितले असून वर्गणीचा सापळा हा त्यांपैकीं एक आहे. वर्गणी रद्द करणें अशक्य किंवा किचकट करणें, रद्द करण्याची सोय लपविणें, मोफत सेवेसाठींहि पैसे देण्याच्या साधनाचा तपशील भरावयास लावणें, हीं सारीं या सापळ्याचींच लक्षणें म्हणून तेथें दिलीं आहेत. तक्रारीसाठीं राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा दूरध्वनि क्रमांक आहे.

इतर देशांतहि हाच झगडा चालूं आहे. जर्मनींत १ जुलै २०२२ पासून, संकेतस्थळावर वर्गणीसारखा करार करतां येत असेल तर तो संपविण्याचें बटणहि तेथेंच ठळकपणें ठेवावें लागतें. अमेरिकेंत संघीय व्यापार आयोगानें ऑक्टोबर २०२४ मध्यें ‘घेणें जितकें सोपें तितकेंच सोडणेंहि सोपें’ या तत्त्वावर नियम केला; पण जुलै २०२५ मध्यें तेथील अपील न्यायालयानें तो रद्द ठरविला. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्यें याच आयोगानें प्राइम वर्गणीच्या नोंदणी व रद्द करण्याच्या पद्धतीवरून ॲमेझॉनविरुद्ध चालविलेला दावा अडीच अब्ज डॉलरांवर मिटला. वर्गणी सोडण्याची वाट किती रुंद असावी, हा प्रश्न किती मोलाचा आहे, हें या आंकड्यावरून दिसून येतें.

एका घरापुरता हिशेब केला तरी तेंच दिसतें. महिना १९९ रुपयांची एक विसरलेली वर्गणी वर्षाला २,३८८ रुपये आणि पांच वर्षांत ११,९४० रुपये नेते. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरांत ही रक्कम औषधांच्या खर्चाला लागते. याहूनहि कठीण प्रसंग कुटुंबप्रमुखाच्या मृत्यूनंतर येतो. कोणत्या सेवा, कोणतें कार्ड, कोणता परवलीचा शब्द, याची घरांत कोणालाच कल्पना नसते; फोन कुलूपबंद असतो, आणि कंपनीला मृत्यूची वार्ता नसल्यामुळें वसुली चालूं राहते. अशा वेळीं त्या व्यक्तीच्या फोनशीं झटत बसण्यापेक्षां मृत्यूचा दाखला घेऊन प्रथम बँकेकडे जावें आणि कार्ड व त्यावरील आज्ञा बंद करवून घ्याव्या. मग एकेका कंपनीला कळवावें. बैल गेला आणि झोंपा केला, अशी पाळी येऊं नये म्हणून चालू वर्गण्यांची यादी घरांतील एका विश्वासू माणसास आधींच ठाऊक असलेली बरी. तींत सेवेचें नांव, रक्कम, वसुलीची तारीख आणि ती कोणत्या दारानें घेतली, एवढें पुरे. कार्डाचा क्रमांक व पिन त्या कागदावर लिहूं नयेत.

आणखी एका धोक्याचा उल्लेख अवश्य आहे. वर्गणी कशी रद्द करावी हें इंटरनेटवर शोधणाऱ्याला तेथें मदतकेंद्र म्हणून भलतेच दूरध्वनि क्रमांक सांपडूं शकतात. पलीकडचा मनुष्य गोड बोलून एखादें ॲप मोबाईलवर घेण्यास सांगतो, किंवा ‘कार्ड काढण्यासाठीं’ ओटीपी विचारतो. ओटीपी हा ग्राहकानें स्वतः बँकेच्या पानावर भरावयाचा असतो. तो तोंडानें कोणालाहि सांगावयाचा नसतो. कार्ड काढून देतों म्हणून जो ओटीपी मागतो, तो कार्डांतील पैसे काढण्यास बसला आहे असें खुशाल समजावें. फसवणूक झालीच, तर त्याच घटकेस बँकेला आणि सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर कळवावें. अशा कामांत तासांचें नव्हे, मिनिटांचें मोल असतें.

कार्ड काढल्यानें काय होत नाहीं, हेंहि जातां जातां सांगितलें पाहिजे. गेलेले पैसे त्यानें परत येत नाहींत. परताव्याची मागणी कंपनीकडे वेगळी करावी लागते. पूर्वींच्या बिलांची नोंद पुसली जात नाहीं. हिशेबासाठीं ती कंपनीच्या दप्तरीं राहते. रद्द केल्याच्या सूचनेपूर्वींच निघालेली एखादी वसुली मागून खात्यावर दिसूं शकते. म्हणून तिन्ही कामें झाल्यावरहि पुढील दोन महिन्यांचा खातेउतारा पाहून घ्यावा. त्यांत ती रक्कम पुन्हां दिसली नाहीं, म्हणजे रतीब खरोखर बंद झाला.

दिवाळीपूर्वीं घराची झाडलोट होते, त्या सुमारास एक संध्याकाळ या कामासाठीं राखावी. वर्षाचा खातेउतारा पुढें घेऊन प्रत्येक आवर्ती रकमेसमोर एकच प्रश्न लिहावा: हें घरांत कोणाला हवें आहे काय? ज्याच्यापुढें कोणाचेंहि नांव येणार नाहीं, त्याचा करार त्याच संध्याकाळीं संपवावा. जें हवें आहे, तें आनंदानें चालूं ठेवावें. चांगल्या सेवेचे पैसे देण्यांत वाईट कांहींच नाहीं. फक्त ते व्ही. पी. सोडवून घेणाऱ्या वर्गणीदाराप्रमाणें, ठाऊक असून आणि स्वतःच्या हातानें दिलेले असावेत.